पाण्यात विरघळलेलं तणनाशक बाहेर कसं काढतात? लोण्याच्या गोळ्यासारखा एक पिंजरा

ऊस लावून महिना उलटला की सरीत तण डोकं वर काढतं. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस, माढा, पंढरपूर, कुठेही जा, खुरपणीला मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. मग पाठीवरच्या पंपात 'टू-फोर-डी' जातं. रुंद पानांचं तण जळतं, ऊस तसाच उभा राहतो. स्वस्त, जुनं आणि सगळ्यांच्या ओळखीचं तणनाशक आहे हे.

संध्याकाळी फवारणी संपते. पंपाच्या तळाशी अर्धा-एक लिटर द्रावण उरलेलं असतं. ते ओतून पंप विसळायचा असतो. विसळायला पाणी लागतं आणि पाणी असतं विहिरीवर. पुढचं सांगायला नको.

विसळलेलं पाणी विहिरीत गेलं तर नेमकं किती बिघडतं? आणि एकदा पाण्यात विरघळलेलं औषध परत वेगळं काढता येतं का? दुसऱ्या प्रश्नावर रसायनशास्त्रात एक भन्नाट उत्तर आहे. त्याचं नाव 'इमल्शन लिक्विड मेम्ब्रेन', म्हणजे तेलाच्या थेंबांपासून बनलेला द्रव पडदा. वाचायला अवघड वाटतं, पण ज्याने घरी ताक घुसळलेलं पाहिलंय त्याला अर्धं आधीच माहीत आहे.

तीन ग्रॅम आणि एक विहीर

आधी हिशोब. भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे 'आयएस १०५००'. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत २,४-डी साठी मर्यादा आहे लिटरला ३० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही हाच आहे. ६० किलो वजनाचा माणूस आयुष्यभर रोज दोन लिटर पाणी प्यायला, तर त्याला झेपणाऱ्या एकूण मात्रेच्या फक्त दहावा हिस्सा पाण्यातून यावा, असं धरून तो काढलेला आहे.

याचा अर्थ १ ग्रॅम २,४-डी सुमारे ३३ हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं.

आता २० फूट व्यासाची विहीर घ्या. उन्हाळा आहे, १० फूट पाणी आहे. म्हणजे साधारण ८९ हजार लिटर. पंपातलं द्रावण लिटरला २ ग्रॅमचं असेल आणि त्यातलं दीड लिटर विहिरीत गेलं, तर ३ ग्रॅम गेले. विहिरीतलं प्रमाण झालं लिटरला जवळपास ३४ मायक्रोग्रॅम. मर्यादा ओलांडली. दीड लिटर म्हणजे पाण्याची दीड बाटली.

हेच गणित उजनीला लावून बघा. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. ते काठोकाठ भरलेलं असताना ३० मायक्रोग्रॅमपर्यंत जायला जवळपास १०० टन २,४-डी एकदम ओतावं लागेल. त्यामुळे 'उजनीत औषधं मिसळली' असा फॉरवर्ड आला की घाबरण्याआधी हा आकडा आठवायला हरकत नाही. धरण मायनसमध्ये गेलं की हिशोब घट्ट होतो हे खरं, पण धरण आणि विहीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीडनाशकाचा धोका विहिरीत, शेततळ्यात आणि वाडीवस्तीच्या हातपंपात लवकर पोहोचतो, कारण तिथे पाणी थोडं असतं आणि शेत खेटून असतं.

२,४-डी मातीत फार टिकत नाही. जिवाणू ते खातात आणि उबदार, ओल्या जमिनीत काही आठवड्यांत बहुतेक संपतं. मात्र मातीत जितके जिवाणू असतात तितके विहिरीच्या खोल पाण्यात नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली २,४-डी ला 'मानवात कदाचित कर्करोग घडवू शकणारं' या गटात टाकलं. पुरावा मर्यादित असताना वापरला जाणारा तो गट आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

सोलापूरच्या शेतकऱ्याला मात्र या तणनाशकाची भीती वेगळ्याच कारणाने माहीत आहे. द्राक्षाचा वेल २,४-डी ला भयंकर नाजूक असतो. शेजारच्या उसात फवारलं आणि वारं फिरलं की बागेतली पानं आखडून पंख्यासारखी होतात. म्हणून द्राक्षबागायतदार तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतो, कितीही धुतला तरी तो बागेत आणत नाही. ज्या पाण्याने असा पंप धुतला ते पाणी ठिबकमधून बागेला द्यायला तो तयार होईल का?

तुरटी आणि क्लोरीनने का भागत नाही?

कुठलंही जलशुद्धीकरण केंद्र साधारण एकाच पद्धतीने चालतं. तुरटी टाकायची, गाळ खाली बसवायचा, वाळूतून पाणी गाळायचं, क्लोरीन द्यायचा. गढूळपणा आणि जंतू यांच्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. शंभर वर्षांत कॉलऱ्यापासून तिने किती जीव वाचवले याची मोजदाद नाही.

पण तुरटी पकडते ते कण. विरघळलेलं तणनाशक म्हणजे कण नव्हे, ते साखरेसारखं पाण्यात एकजीव झालेलं असतं. वाळूला ते दिसतही नाही. क्लोरीन काही औषधांचे तुकडे करतो, काहींना हातही लावत नाही आणि काहींचं रूपांतर अजून वाईट पदार्थात करतो. वाळवीसाठी आणि पिकांवर वापरलं जाणारं क्लोरपायरीफॉस क्लोरीनच्या पाण्यात 'ऑक्सॉन' बनतं आणि तो ऑक्सॉन मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतो. पाणी उकळूनही फायदा नाही. उकळताना पाणी उडून जातं आणि बरीचशी औषधं भांड्यात राहतात, म्हणजे उलट थोडी दाट होतात.

देशात हा विषय घराघरांत पोहोचला तो २००३ मध्ये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने फेब्रुवारीत बाटलीबंद पाण्यात आणि ऑगस्टमध्ये शीतपेयांत कीडनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. संसदेत गदारोळ झाला, संयुक्त संसदीय समिती बसली. तिचे अध्यक्ष होते शरद पवार. २००४ च्या फेब्रुवारीत समितीचा अहवाल आला आणि त्याने संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. त्याच काळात बाटलीबंद पाण्याचे नियम कडक झाले. कुठलंही एक कीडनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळी मिळून ०.५, युरोपच्या धर्तीवर.

आता शेजारी ठेवून बघा. बाटलीतल्या पाण्यात २,४-डी ची मर्यादा ०.१, नळाच्या पाण्यात ३०. तीनशे पटींचा फरक. नळाचा आकडा आरोग्याचा हिशोब करून काढलेला आहे, तर बाटलीचा 'असूच नये' या भूमिकेतून आलेला आहे. तरी पैसे मोजणाऱ्याला एक मानक आणि न मोजणाऱ्याला दुसरं, हे खटकतंच.

ताकात तरंगणारं लोणी

तेल आणि पाणी मिसळत नाहीत, पण जोरात घुसळलं आणि मध्यस्थ पदार्थ असला की एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात लटकून राहतात. याला इमल्शन म्हणतात. दूध म्हणजे पाण्यात लटकलेले स्निग्धाचे थेंब. लोणी बरोबर उलटं, स्निग्धात अडकलेले पाण्याचे थेंब.

आता ताक घुसळून झालंय आणि वर लोण्याचे गोळे तरंगताहेत, तो क्षण डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाणी, म्हणजे ताक. त्यात स्निग्धाचा गोळा. आणि त्या गोळ्याच्या आत पुन्हा पाण्याचे अतिबारीक थेंब. बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी, मध्ये स्निग्धाची भिंत.

इमल्शन लिक्विड मेम्ब्रेनची रचना हुबेहूब हीच आहे. फक्त ताकाच्या जागी दूषित पाणी, लोण्यातल्या स्निग्धाच्या जागी केरोसीनसारखं तेल आणि आतल्या थेंबांत मुद्दाम निवडलेलं रसायन. मध्यस्थ म्हणून बहुतेक वेळा 'स्पॅन ८०' नावाचा पदार्थ वापरतात. तो खाद्यउद्योगातही चालतो. आतले थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, एक ते दहा मायक्रॉनचे. तेलाचा अख्खा गोळा मिलिमीटरच्या आसपास. प्रयोगशाळेत हे इमल्शन बनवायचं यंत्र मिनिटाला हजारो फेरे घेतं. रवीच ती, जरा जास्त चिडलेली.

ही कल्पना अमेरिकेत नॉर्मन ली या रसायन अभियंत्याची. तेल कंपनी एस्सोच्या, म्हणजे पुढच्या एक्सॉनच्या, संशोधन विभागात ते काम करत होते. दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण मोजताना तिथे चिवट पापुद्रा तयार होतो हे त्यांच्या लक्षात आलं. द्रवाचाच पडदा करून त्यातून पदार्थ गाळता येतील, हे त्यांना सुचलं. पेटंट मिळालं १९६८ साली. योगायोग असा की भारतात कीडनाशकांवर नियंत्रण आणणारा कायदाही १९६८ चाच. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. लींना तेल शुद्धीकरणातले हायड्रोकार्बन वेगळे करायचे होते.

आत गेलेलं बाहेर का येत नाही?

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. उदाहरण २,४-डी चंच घेऊ, कारण ते या पद्धतीला अगदी मानवतं.

२,४-डी हे सौम्य आम्ल आहे. साध्या पाण्यात त्याचे रेणू विद्युतभारित होतात. विद्युतभार असलेला रेणू पाण्यात खुश असतो, तेलात शिरत नाही. साध्या पाण्यात पंधरा-वीस हजारांतला एखादाच रेणू भाराविना सापडेल. पण पाण्यात थोडं आम्ल टाकून सामू, म्हणजे पीएच, २ पर्यंत खाली आणला की चित्र पालटतं. पाचातले चार रेणू भार टाकून देतात. भार गेला की रेणूला पाण्यापेक्षा तेल जास्त आवडायला लागतं.

पहिला टप्पा इथे संपला. रेणू तेलाच्या भिंतीत शिरला.

भिंतीच्या पलीकडे, आतल्या थेंबांत, कॉस्टिक सोडा घातलेलं पाणी आहे. तिथे पोहोचताच २,४-डी ची सोड्याशी क्रिया होते आणि त्याचं सोडियम मीठ बनतं. मीठ भारित असतं आणि भारित पदार्थ तेलातून जाऊ शकत नाही. म्हणजे आत यायचं दार उघडं, बाहेर जायचं बंद. उंदराच्या पिंजऱ्यासारखं.

यात अजून एक खुबी आहे. एरवी पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे सरकतो आणि दोन्हीकडे सारखं झालं की थांबतो. इथे आत आलेला प्रत्येक रेणू लगेच वेगळ्या रूपात बदलतो. त्यामुळे मूळ रूपातलं २,४-डी आत कायम शून्याजवळच राहतं आणि बाहेरचे रेणू येतच राहतात. बाहेर लिटरला काही मिलिग्रॅम आणि आत काही ग्रॅम जमले तरी ओघ थांबत नाही. पंप नाही, दाब नाही, फक्त हळूहळू ढवळणं. भिंती पातळ आणि थेंब असंख्य असल्यामुळे एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो. म्हणून काम तासांत नाही, मिनिटांत होतं.

ढवळणं थांबवलं की तेलाचे गोळे वर तरंगतात आणि खालचं पाणी काढून घेता येतं. गोळे मग तापवून किंवा उच्च दाबाच्या विजेने फोडतात. तेल सुटं होतं, ते पुन्हा वापरायचं. आतलं पाणी वेगळं होतं, त्यात सगळं तणनाशक गोळा झालेलं असतं.

मग नळाला का नाही बसवत?

मघाची विहीर परत घेऊ. ८९ हजार लिटर पाणी, त्यात ३ ग्रॅम तणनाशक. प्रयोगांत साधारण दहा भाग पाण्याला एक भाग इमल्शन घेतात. म्हणजे ८,९०० लिटर इमल्शन हवं. त्यात अर्धं तेल धरलं तर जवळपास साडेचार हजार लिटर केरोसीन. शिवाय अख्ख्या विहिरीचं पाणी आधी आम्लधर्मी करायचं आणि नंतर चुना घालून पूर्ववत करायचं. एवढा खटाटोप ३ ग्रॅमसाठी! वर पाण्याला रॉकेलचा वास येणार तो वेगळाच.

'या तंत्राने नद्या शुद्ध होणार' छापाच्या बातम्या दिसतात तेव्हा हा हिशोब करून बघावा. प्रयोगशाळेत नव्वद टक्क्यांच्या वर तणनाशक निघालं, हे खरं असू शकतं. पण तिथलं पाणी बहुधा बीकरभर असतं, ऊर्ध्वपातित असतं आणि त्यात औषध संशोधकाने स्वतः मोजून टाकलेलं असतं.

बिघडतं कुठे?

पहिली अडचण म्हणजे थेंब फुटतात. जोरात ढवळलं तर भिंत फाटते, आतला सोडा बाहेर सांडतो, पाण्याचा सामू चढतो आणि २,४-डी पुन्हा भारित होऊन तेलाकडे पाठ फिरवतं. पकडलेलंही परत बाहेर येतं. फुटू नये म्हणून स्पॅन ८० वाढवावं, तर भिंत चिवट होते पण रेणूंची ये-जा मंदावते आणि शेवटी गोळे फोडायलाच जड जातात. हा तिढा गेली पन्नासेक वर्षं संशोधक सोडवताहेत. थोडं इकडे, थोडं तिकडे करत.

दुसरी अडचण फुगण्याची. आतल्या थेंबांत सोडा दाट असतो, त्यामुळे बाहेरचं पाणी तेल ओलांडून आत झिरपतं. मनुके पाण्यात टाकल्यावर टम्म होतात, तसं. पिंजरा पाण्यानेच भरला की पकडलेलं पातळ होतं आणि भिंत ताणून फुटते.

तिसरी अडचण शेतकऱ्याला लगेच कळेल. बाटलीवर 'ईसी' लिहिलेलं औषध पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ना? ते पांढरं म्हणजे इमल्शनच. कंपनीने औषधाबरोबर इमल्शन करणारे साबणासारखे पदार्थ आधीच घातलेले असतात. खऱ्या शेतातलं विसळलेलं पाणी या पडद्याच्या संपर्कात आलं की हे पाहुणे साबण मध्ये लुडबुड करतात आणि काळजीपूर्वक बनवलेली भिंत मोडते. त्यात माती, शेवाळ, जिल्ह्यातल्या विहिरींचं जड पाणी. बीकरमध्ये यातलं काहीच नसतं.

आणि सगळीच औषधं २,४-डी सारखी सरळ नाहीत. उसात आणि मक्यात वापरलं जाणारं ॲट्राझिन आम्ल नाही, ते अतिशय दुबळं आम्लारी आहे. त्याला आत अडकवायला सोड्याऐवजी तीव्र आम्ल लागतं आणि तरी पकड सैल राहते. ग्लायफोसेट आणि पॅराक्वॉट भारितच असतात, तेलात शिरतच नाहीत. त्यांना हाताला धरून पलीकडे नेणारा 'वाहक' रेणू तेलात घालावा लागतो. क्लोरपायरीफॉस तेलात आनंदाने शिरतं, पण आत जाऊन त्याचं मीठ बनत नाही, ते तेलातच मुक्काम ठोकतं. तेल भरलं की खेळ संपला. थोडक्यात, प्रत्येक औषधाला वेगळा पिंजरा. शेतातून येणाऱ्या पाण्यात मात्र चार-पाच औषधं एकत्र असतात.

केरोसीनऐवजी सूर्यफूल किंवा पाम तेल वापरायचे प्रयोग जगभर झालेत. करडईच्या जिल्ह्यात ही कल्पना लगेच आवडेल. पण खाद्यतेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की काय होतं, हे साबण बनवणाऱ्या कुणालाही विचारा.

जिथे खरंच उपयोग आहे

एवढं ऐकून हे तंत्र बिनकामाचं वाटेल, पण तसं नाही. पाणी थोडं आणि विष जास्त असेल तिथे गणित एकदम बदलतं.

समजा गावात फवारणीचे ड्रोन आणि पंप धुण्यासाठी एकच सिमेंटची जागा केली आणि हंगामात १,००० लिटर धुवण जमलं. त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम २,४-डी आहे, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. यासाठी १०० लिटर इमल्शन पुरेल. त्यात ५० लिटर तेल आणि ५० लिटर सोड्याचं पाणी. सोडा किती? रसायनाच्या हिशोबाने २०० ग्रॅम घातला तरी गरजेच्या दहापट होतो. शेवटी १,००० लिटरचं विष ५० लिटरमध्ये येतं, वीसपट दाट. १,००० लिटर टँकरने नेण्यापेक्षा ५० लिटरचा कॅन नेणं केव्हाही सोपं.

न्यायचं मात्र लागतं, हे विसरता येत नाही. या पद्धतीत औषध नष्ट होत नाही, फक्त एका जागी गोळा होतं. कॅनमधलं पाणी जाळावं लागतं किंवा घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्यावं लागतं. सोलापूरला जवळचं असं केंद्र म्हणजे पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव.

कीडनाशकं बनवणाऱ्या आणि बाटल्यांत भरणाऱ्या कारखान्यांत तर हे अजून चपखल बसतं. तिथे सांडपाण्यात औषध दाट असतं, बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं आणि सामू सांभाळायला माणूस असतो. उद्योगात हे तंत्र चाललेलंही आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या लेंझिंग इथल्या व्हिस्कोस कारखान्याने सांडपाण्यातलं जस्त परत मिळवायला ते वापरलं. चीनमध्ये फिनॉल काढण्यासाठी वापरलं गेलं. फिनॉलही सौम्य आम्ल असल्याने त्याचा पिंजरा २,४-डी सारखाच, आत कॉस्टिक सोडा. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात युरेनियमवर आणि माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, मॉलिब्डेनमवर या तंत्राचे प्रयोग झाले. धातू परत मिळाला तर पैसे मिळतात. तणनाशक गोळा करून कुणाला पैसे मिळत नाहीत. हे तंत्र कीडनाशकांकडे उशिरा वळलं, त्याचं एक कारण हे असावं.

गावपातळीवर त्याला एक स्वस्त स्पर्धकही आहे. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी पंप धुण्याच्या जागी खड्डे करून त्यात निम्मा पेंढा, पाव भाग माती आणि पाव भाग पीट भरायला सुरुवात केली. वर गवत. धुवण त्यात मुरतं आणि पेंढ्यावरच्या बुरश्या आणि जिवाणू औषध खाऊन टाकतात. याला 'बायोबेड' म्हणतात. पीटऐवजी कंपोस्टही चालतं. उसाचं पाचट जाळणाऱ्या जिल्ह्यात या खड्ड्याला माल कमी पडणार नाही. इमल्शनने औषध फक्त हलतं, इथे ते खरंच संपतं. गावाला आज यांतलं एक निवडायचं असेल, तर खड्ड्याचं पारडं जड आहे.

घरच्या पाण्याचं काय?

पिण्याच्या पाण्यातल्या विरळ औषधांसाठी कोळसा अजूनही राजा आहे. सक्रिय कोळशाच्या, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या, बारीक छिद्रांत असे रेणू चिकटून बसतात. घरच्या बहुतेक प्युरिफायरमध्ये कोळशाची एक कांडी असते. तिची क्षमता संपली की ती काही पकडत नाही, आणि संपल्याचं पाण्याच्या चवीवरून कळेलच असं नाही. म्हणून कंपनीने दिलेल्या मुदतीत कांडी बदलावी लागते. आरओचा पडदाही बहुतेक कीडनाशकं मोठ्या प्रमाणात अडवतो, पण अडवलेलं सगळं त्या वाया जाणाऱ्या पाण्यातून बाहेर पडतं. शहरात काही दिवसांआड पाणी येत असताना ते वाया घालवणं कुणाला परवडणार, हा सोलापूरकरांचा जुना प्रश्न आहे. नुसता यूव्ही दिवा जंतू मारतो, औषधाचं तो फारसं काही करत नाही.

विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनी तपासणी करून घ्यायची असेल, तर प्रयोगशाळेला 'कीडनाशक अंश तपासा' असं वेगळं सांगावं लागतं. नेहमीच्या तपासणीत सामू, क्षार, जडपणा, नायट्रेट आणि जंतू बघतात. कीडनाशकांना वेगळं, महाग यंत्र लागतं. नमुना घ्यायच्या बाटलीबद्दलही प्रयोगशाळेला आधी विचारावं, कारण काही औषधं प्लास्टिकलाच चिकटतात आणि अहवाल खोटा चांगला येतो.

आणि पंप? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत उरलेलं औषध, रिकामे डबे आणि धुवण यांच्यामुळे पाणी दूषित होऊ नये अशी तरतूद आहे. नियम ४४. प्रत्यक्षात ती पाळायची पद्धत सोपी आहे. औषधाची बाटली रिकामी झाली की तीत पाव बाटली पाणी घालून खळखळून हलवायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं. असं तीनदा. पंपात शेवटी उरलेलं द्रावण पाणी घालून पातळ करायचं आणि ज्या उसात फवारलं त्याच उसाच्या सरीत फवारून संपवायचं. तिथल्या मातीत ते खाणारे जिवाणू असतात. विहिरीपासून मात्र लांबच्या सरीत.